नखाएवढा कांदा

"चटणी बी कडू लागाय लागली आता... जिभंचंच काय तर बिनसलंय," पडद्याआड सरुबाई पुटपुटल्या, आणि खलबत्त्यावर धरलेला लिलीचा कांदा रोहिणीच्या मुठीत तसाच राहिला.

तपकिरी पापुद्र्याचा, खालून पांढऱ्या मुळ्यांची दाढी असलेला. दारातल्या कुंडीतून उपटलेला. त्याचा नखाएवढा तुकडा आठ दिवस सासूच्या शेंगाचटणीत जात होता. चैतालीनं, लेकीनं, कॉलेजातून फोनवर सांगितलं होतं – मम्मी, आपल्या लाल लिलीच्या कांद्यात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात... पुढंही सांगितलं होतं तिनं, की माणसाचं पोट म्हणजे काचेची बशी नव्हे, कांदा विषारी, उलट्या होतात, औषध निघालं तरी वर्षं लागतील. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली होती. शिट्टीचं निमित्त, ऐकू सगळं आलं होतं.

घरात सासूच्या आजाराला 'गाठ' म्हणायचे. रोहिणीचा नवरा राजपाल तर तेवढंही नाही – "आईच्या त्याची तारीख कधी?" – जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या तसा. चार दिवसांपूर्वी आईला उलट्या सुरू झाल्या तेव्हा म्हणाला, सोलापूरच्या दवाखान्यातल्या सलाईननं होत असेल. बादली धरून रोहिणी हो म्हणाली... तीच म्हणाली, सगळं माहीत असून. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कापला – कारण थांबवायचं म्हणजे मग काही उरलंच नाही असं कबूल करायचं, आणि ही तर ती बाई, जिनं रोहिणीच्या मांडीवर चैताली असताना सुनेसमोर दहावीचं पुस्तक धरलं होतं; स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण सुनेचे डोळे तळाशी पोचले की पान बरोबर उलटायची.

तिनं तुकडा कुटला. ताट नेलं.

सरुबाईंनी भाकरी मोडली, चटणी बोटानं बाजूला सारली.

"कुंडी रिकामी व्हायली ती दिसत न्हाय व्हय मला? डोळं चांगलं हायत माझं."

"आई, ते..."

"बस खाली. चार दिस कळून खाल्लं म्या. म्हणलं, पोरगी एवढं कुटायलीय, तिला तरी बरं वाटंल. पर आता लई ओकाय होतंय, बाई." पाणी प्यायल्या, तोंड पुसलं. "कॅन्सर हाय मला. ह्यातनं म्या उठणार न्हाय, रोहिणी."

रोहिणीला रडू यायला हवं होतं. आला तो राग – सासूनं हे सगळं एकटीनं ओळखून, गिळून बसल्याचा... आणि रागाच्या तळाशी, लाज वाटावी इतका, मोकळा श्वास.