सहा महिन्यांनी दिसणारा

ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. काम मापायचंच होतं. वेगवेगळ्या इस्पितळांतून हृदय कमजोर झालेल्या रोग्यांच्या सोनोग्राफीच्या फिल्म येत. नाव, वय, सगळं काढलेलं. वर फक्त एक क्रमांक, तोही दर वेळी नवा. हृदयाचा डावा कप्पा पूर्ण भरला की त्याच्या आतल्या कडेनं माउसनं रेघ ओढायची, आकसला की पुन्हा ओढायची. दर ठोक्याला शेकडा किती रक्त बाहेर पडतं, ते त्यावरून निघे. या मापांवरून कोण तगेल आणि कोण नाही हे आधी सांगता येतं का, ते त्या अभ्यासाला शोधायचं होतं. प्रत्यक्षात कोण तगलं, हे मापणाऱ्याला कळू देत नसत.

आणखी एक नियम होता. एखादं हृदय ओळखीचं वाटलं तर सांगायचं. मग तो रोगी दुसऱ्या मापणाऱ्याकडे जाई. ओळखीच्या माणसाला हात झुकतं माप देतो, असं अभ्यास चालवणाऱ्या मॅडमचं म्हणणं होतं.

फूटपट्टीनं एक ओळख लपवली होती. एका हृदयाच्या डाव्या कप्प्यात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बारीक पांढरी दोरी ताणलेली होती. अशी दोरी बऱ्याच जणांत असते, त्रास काही नसतो. पण ही टोकाला गलोलीसारखी दुभंगलेली होती. तिनं त्याला दोरीकाका नाव दिलं. काका की काकू, हे तिला माहीत नव्हतं. दर सहा महिन्यांनी ते पडद्यावर येत. चौतीस टक्के. मग एकतीस. मग सत्तावीस. हात झुकू नये म्हणून त्यांची रेघ ती पुसून पुसून ओढी.

घरी ती एकटीच राहायची. रविवारी वहिनीचा फोन येई.

“कुणी आहे का गं मनात?” वहिनीनं एकदा विचारलं.

“आहे एक. सहा महिन्यांनी दिसतो.”

“बोटीवर असतो की काय?”

“तसंच समज.”

“मग नशीबवान आहेस. आमचे हे रोज दिसतात!”

त्यानंतरच्या खेपेला काका चोवीसवर आले. फिल्मच्या दुसऱ्या ठोक्याला चित्र एकदम उसळलं. खोकला आला असणार.

“थंडी बाधलेली दिसते,” ती मोठ्यानं म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या जाड्यानं मान वळवली. “माणसं संपली वाटतं? आता फिल्मशी गप्पा?”

“तुझ्यापेक्षा बरी. मध्ये तोंड घालत नाही.”

पुढचे सहा महिने सरले. नवा गठ्ठा आला, त्यात काका नव्हते. त्याच्या पुढच्यातही नव्हते. उशीर होतो एखाद्याला, असं तिनं मनाशी म्हटलं. मग एके दुपारी गलोल दिसली आणि तिचा हात माउसवर थांबला. आले एकदाचे! तिनं खुर्ची पुढे ओढली, भरलेल्या कप्प्याची रेघ पूर्ण केली आणि फिल्म पुढे सोडली.

दुसऱ्या ठोक्याला चित्र उसळलं.

तिनं ते पुन्हा पाहिलं. तोच खोकला, त्याच जागी. मापणाऱ्याचा हात तोच राहिला आहे का, हे तपासायला मॅडम अधूनमधून जुनी फिल्म नव्या क्रमांकानं गठ्ठ्यात सरकवत; ते सगळ्यांना ठाऊक होतं. काका आले नव्हते. मागचेच काका परत दाखवले होते.

चोवीस लिहून मोकळं होता आलं असतं, शाबासकीही मिळाली असती. पण मग पुढच्या गठ्ठ्याची वाट बघायची, त्याच्याही पुढच्याची. काका आहेत का, हे विचारलं तर मॅडम सांगणार नव्हत्या. त्यांना बोलतं करायचा एकच रस्ता होता, आणि त्यात काका हातचे जाणार होते.

ती मॅडमच्या खोलीत गेली.

“मॅडम, ही फिल्म मी ओळखली. रोगी ओळखीचा आहे. बऱ्याच दिवसांपासून.”

मॅडमनी चष्मा काढला. “आणि आज सांगतेस? तू? दुसरं कुणी असतं तर नवल नव्हतं.”

“चुकलं माझं.”

“जुनी मापं सगळी दुसऱ्याकडून तपासून घ्यावी लागतील.”

“हो. आणि पुढच्या फिल्म? त्या कुणाकडे देणार?”

मॅडमनी क्रमांक टाकून पडद्यावर पाहिलं. “पुढच्या कुणाकडे द्यायचा प्रश्न नाही,” त्या म्हणाल्या, आणि मग घाईनं चष्मा चढवला. “जा तू. काम पडलंय.”

ती जागेवर आली. ओढलेली रेघ पुसली, फिल्म बंद केली, पुढची उघडली. त्या हृदयात दोरी नव्हती. बावन्न टक्के निघाले.

रविवारी वहिनीनं विचारलं, “काय गं, बोटीवरचा आला का?”

“नाही. आता येणार नाही.”

“जाऊ दे. सहा महिन्यांनी तोंड दाखवणाऱ्याचा काय भरवसा?”

“तोंड कुठे गं,” ती म्हणाली. “ते कधी पाहिलंच नाही.”

“म्हणजे?” वहिनीनं खोकत विचारलं.

“काही नाही. तुझा खोकला कसा आहे?”