बांबूच्या जागी पिवळा रंग

सात वर्षं झाली, नाशकातल्या या खोलीत बसून मी वाघांचं जंगल रंगवतेय. वाघ तर सोडाच, त्या जंगलातलं एक पान पाहिलं असेल तर शपथ! खिडकीबाहेर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, आत नकाशांच्या प्रिंट काढायला लागणाऱ्या अमोनियाचा वास. जीव नुसता गुदमरतो.

आमचं खाजगी ऑफिस सरकारला नकाशे काढून देतं. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून विदर्भातल्या त्या व्याघ्र प्रकल्पाचा उतार न् उतार मला पाठ आहे. साग गडद हिरवा, नाल्याकाठची झाडी निळसर, बांबू पोपटी, गवताळ कुरण पिवळं.

ऑफिसचे मालक रंगनाथसर, त्यांचा नियम असा, की वनखात्याच्या तपासणीत चूक निघाली तर ज्याने नकाशा काढला त्यानेच जंगलात जाऊन दुरुस्त करायचा. शेजारच्या टेबलावरचा दत्तू, त्याचं काम म्हणजे आनंदीआनंद, तो दोनदा जाऊन आला! आणि मी बिनचूक, म्हणून खुर्चीला खिळलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

शेवटी यंदा, अठ्ठ्याण्णव साली, ठरवलं, बस्स झालं. मोठ्या टेकडीचा अख्खा उतार बांबूचा; मी तो सरळ पिवळा रंगवला. आंधळ्यालाही दिसेल अशी चूक. नकाशा तपासणीला गेला आणि मी घरी बॅग भरून ठेवली.

महिन्याने वनखात्याचं पत्र आलं. सरांनी मोठ्याने वाचलं, "टेकडीची प्रत्यक्ष पाहणी केली. कुरण नकाशाप्रमाणे आढळले."

मी सरांच्या टेबलापाशी धावले. "सर, तिथे कुरण नाही, बांबू आहे. मी मुद्दाम चुकीचा रंग दिला. कुणी गेलेलंच नाही तिथे!"

"काहीतरीच काय, ज्योत्स्ना? सहीशिक्का आहे." सर हसत होते. "सात वर्षांत एक चूक नाही तुझी. तुझ्या जिवावर आणखी दोन प्रकल्प घेतलेत मी. पाच वर्षं मान वर करायला फुरसत मिळायची नाही बघ."

मला रडूच फुटलं. रागाचं.

तेवढ्यात दत्तू उठला. "सर, मॅडम खरं बोलतायत. तिथं बांबूच आहे. मी स्वतः शिरलोय त्यात."

"तू गप रे," सर म्हणाले, "तुझ्या किती चुका निघाल्यात, माहीत आहे ना?"