पाहुण्यांची वही

केनसाकूने ब्रश शाईत बुडवला, दौतीच्या कडेला निथळवला आणि थोरल्या बहिणीपुढे धरला.

"घे, ताई. नाव लिही."

हॉलच्या दारातल्या टेबलावर पाहुण्यांची वही उघडी होती. आत त्याच्या मुलीचं लग्न होतं. फुसाए अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली. ती नुसती हसली.

"मी कशाला? मास्तर भाऊ असताना?"

"तुझ्या हातचं हवंय. तुझ्या त्या साध्या हिरागाना अक्षरांत लिही."

"वेडा की काय! पहिलीतल्या पोरांची अक्षरं ती. इतक्या लोकांत?"

केनसाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे शब्द तिचे नव्हतेच. एकेचाळीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या लग्नात, असल्याच टेबलापाशी त्यानेच ते तिच्या कानाशी पुटपुटले होते. तेव्हा हा नुकता मास्तर झालेला, सासरे गावातले नावाजलेले डॉक्टर, आणि बहीण मासळी वाळवणारी. आई गेल्यावर शाळेत कधीच न गेलेल्या तिनेच याला वाढवलं. तो हिरागानाची सेहेचाळीस अक्षरं घोकायचा, ती मागे उभी राहून ऐकायची, बघायची. तेवढीच काय ती शिकली. त्याच अक्षरांत कॉलेजभर दर आठवड्याला याला पत्र घातलं. आणि या दिवट्याने त्या दिवशी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला, तिचं नाव आपल्या ऐटदार कांजीत, शिकलेल्यांच्या अवघड चिनी अक्षरांत लिहिलं. तिला ते वाचताही आलं नसेल. तरी तिने वाकून आभार मानले होते.

"ताई, माझ्या लग्नात मी चुकलो गं. ब्रश घ्यायला नको होता."

"हे रे काय आजच्या दिवशी! आण इकडे."

भावाचं मन राखायला तिने ब्रश घेतला. पहिलं अक्षर उमटलं. दुसऱ्यापाशी हात थांबला आणि कागदावर शाईचा डाग पसरत गेला. मागे पाहुणे ताटकळले होते.

"तेव्हा येत होतं रे," ती हळूच म्हणाली. "महिनाभर रद्दीवर ब्रशने नाव गिरवून आले होते. म्हटलं, तुझ्या लग्नात तरी नीट यायला हवं. आता हात विसरला. त्यानंतर काही लिहिलंच नाही ना."

केनसाकू वहीकडे बघत राहिला. लग्नानंतर ताईची पत्रं बंद झाली होती. गावात फोन आला म्हणून असेल, असंच तो आजवर धरून चालला होता.