संगणकातलं गाव आणि फाटका मोजा

मोज्यांच्या कारखान्यात नवी यंत्रं येणार होती. एक बाई तिघींचं काम उरकणार, मग उरलेल्या दोघींचं काय? मालकाने हा प्रश्न आमच्या अर्थशास्त्राच्या संस्थेकडे सोपवला.

मी संगणकात एक गाव वसवलं. हजार माणसं, पंचवीस कारखाने, दुकानं. यंत्रं वेगवान केली तसे मोजे स्वस्त झाले, खप वाढला आणि काढलेल्या बायका पुन्हा कामावर! संस्थेचे प्रमुख, आमचे सर, टाळ्या पिटायचेच बाकी होते. आता मालक खुशाल कपात करणार होता, आणि कपातीत माझी वहिनी पहिली होती.

रविवारी घरी गेले तर वहिनी फाटका मोजा रफू करत बसलेली.

"मोजे विणणारीच्या घरी फाटके मोजे?" मी चिडवलं.

"नोकरी जायची वेळ आलीय, वन्सं. आतापासूनच हात आखडलेला बरा."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या गावातली बेकार माणसं पगार बंद झाल्यावरही ऐटीत खरेदी करत होती! मीच तसं लिहून ठेवलं होतं. चूक दुरुस्त केली आणि गाव बसलंच. दुकानं ओस पडली, दुसऱ्या कारखान्यांनीही माणसं काढली. मग पगार तोच ठेवून कामाचे तास कमी केले, तेव्हा कुठे गाव सावरलं.

सर वैतागले. "उद्या बैठक आणि आज हे काय काढलंस? वहिनीसाठी केलंस म्हणतील."

"म्हणू देत. आकडे तिला वहिनी म्हणत नाहीत."

बैठकीत मालक हसला. "या बायका माझे मोजे असे कितीसे घेतात?"

"तुमचे नाही घेत. पण पंचवीसही मालक असंच म्हणून माणसं काढतात. माझं गाव त्यानेच बुडालं."

त्याने पडद्यावर गाव पुन्हा एकदा बुडवून पाहिलं. "तीन महिने तुझ्या पद्धतीने चालवतो. जमलं नाही, तर पहिली तुझी वहिनीच."

मी म्हटलं, "चालेल."

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं, शेवटची अटही. वाटलं, आता रडेल. तिने सुई टोचून ठेवली, रफू केलेला मोजा खणात टाकला आणि पिशवी उचलली.

"उठा, वन्सं. दुकान बंद व्हायच्या आत नवे मोजे आणू. तुमचं गाव चालायला हवं ना?"