लाल ओळ

"आई, पाचपैकी पाच बरोबर! माह्या क्लासच्या पोट्ट्यांना दो हफ्ते लगते हैं," संघमित्रानं वही बंद करत म्हटलं. "तू ड्यूटीवर अभ्यास करून राहिली का?"

"ड्यूटीवर क्रेन चालवतो मी," सत्यशीला म्हणाली. गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी तिनं दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली. "पुढचं विचार."

नंदिनी रोडवरच्या एका कारखान्यात ती एकोणीस वर्षं छताखालची क्रेन चालवत होती. पहाटेच्या पाळीला रुआबांध्याहून स्कूटीनं जायचं, बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावर दहा-दहा टनांच्या प्लेटा अलगद उचलून ठेवायच्या. एवढ्या वर्षांत तिच्या हातून कधी चहाचा कप सांडला नसेल, असा तो हात. पण गुडघ्यांनी दगा दिला. मार्चच्या मेडिकलमध्ये डॉक्टर शिडी बंद करणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

सुपरवायझरची एक जागा निघाली होती. सुपरवायझर जमिनीवरूनच काम बघतो, म्हणजे ती जागा मिळाली तर नोकरी राहणार, नाहीतर मार्चमध्ये घरी. पेपर इंग्रजीत होता, बाहेरची कोणी मंडळी तपासणार होती, साठ गुणांना पास, आणि पास झालेल्यांत जो सगळ्यात जुना, जागा त्याची. सेक्टर दोनमध्ये पोरांना इंग्रजी शिकवणारी लेक घरातच असताना सत्यशीलाला धास्ती वाटायचं कारण नव्हतं. तिला ती वाटलीही नाही.

तिला सगळ्यात सोपं गेलं ते एका वाक्यात तीन कामं सांगण्याचं प्रकरण. संघमित्रा म्हणायची, इंग्रजीत एका दमात तीन कामं सांगायची तर तिन्हींचा घाट एकच ठेवायचा. दोन कामं 'केली' आणि तिसरं 'करायचं आहे', असं एका रांगेत चालत नाही. "एक लाइन में जितने खड़े हैं, सबकी ड्रेस सेम, आई."

"हे मले कायले शिकवतं? हे तर रोजचं हाय."

आणि ते खरंच रोजचं होतं. पाळी सुटताना क्रेनच्या बुकात इंग्रजीत लिहायची तिथली पद्धत. रोप चेक्ड. ड्रम ग्रीज्ड. ब्रेक अ‍ॅडजस्टेड. म्हणजे पोलादी दोर तपासला, तो गुंडाळणाऱ्या ड्रमला ग्रीज लावलं, ब्रेक कसला. सगळी कामं एका साच्यात, एकाखाली एक, आणि शेवटी सही. येणारा ऑपरेटर ते वाचतो आणि डोळे मिटून क्रेन सुरू करतो. हात लिहून लिहून इतका सरावतो की पहिली दोन लिहिली की तिसरं आपोआप उमटतं.

या सरावानंच तिचा घात केला होता. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ब्रेक कसायचा राहिला होता, फिटर आधीच निघून गेला होता आणि भोंगा वाजला. रोप चेक्ड, ड्रम ग्रीज्ड लिहिता लिहिता हातानं ब्रेक अ‍ॅडजस्टेडही लिहून टाकलं. खोटं लिहावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पुढच्या पाळीत प्लेट फक्त वीतभर घसरली. खाली इशारे देणारा पंजाबराव होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून मॅनेजरसमोर उभी राहिली. सात दिवस घरी बसवलं, ते तिनं भोगलं. दवाखान्यात पंजाबराव म्हणाला होता, "ताई, दोन गेले, आठ हायत ना. कायले रडून राहिल्या?" त्यानं माफ केलं, पण तिनं स्वतःला केलं नाही. तेव्हापासून ती खिशात लाल पेन ठेवायची. झालेली कामं निळ्यानं. राहिलेलं काम त्या रांगेत कधीच घ्यायचं नाही, ते खाली वेगळं, लाल ओळीत. येणाऱ्यानं ते मोठ्यानं वाचायचं, मगच त्यानं सही करायची. रोशन नावाचा तिशीतला ऑपरेटर तिच्यानंतरच्या पाळीला यायचा, तो हसायचा. "मावशी, बुकात होळी खेळून राहिल्या का?"

"खेळ म्हन. पन वाच आधी."

परीक्षेच्या रविवारी ती निळी साडी नेसून, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून गेली. पेपर तिनं सपासप सोडवला. आणि सतरावा प्रश्न आला. वाक्य असं होतं: ऑपरेटरनं रोप तपासला, ड्रमला ग्रीज लावलं आणि ब्रेक कसायचा आहे. तिन्ही कामं एका साच्यात बसवून एकच वाक्य करा. दोन गुण.

उत्तर तिला झोपेतही आलं असतं. शेवटी 'ब्रेक कसला' एवढं करायचं की झालं. तिनं पेन टेकवलं आणि ते तिथंच थांबलं. परीक्षेतला ब्रेक कागदाचा होता, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ब्रेक कसायचा राहिलाय असं समोर लिहिलेलं असताना तो 'कसला' म्हणून लिहायचं? तेही निळ्या पेनानं, त्याच रांगेत? तिनं प्रश्न पुन्हा वाचला. मग लिहिलं: ऑपरेटरनं रोप तपासला आणि ड्रमला ग्रीज लावलं. पूर्णविराम. ब्रेक कसायचा आहे. आणि खिशातलं लाल पेन काढून त्या दुसऱ्या वाक्याखाली रेघ ओढली.

बाकीचा पेपर तिला इतका झकास गेल्यासारखा वाटत होता की दोन गुण ओवाळून टाकायला तिची हरकत नव्हती.

निकाल लागला. सत्यशीला एकोणसाठ. रोशन सहासष्ट.

संघमित्रानं पेपर मागवून बघितला आणि डोक्याला हात लावला. "आई, तुले येत होतं ना हे? फिर क्यूँ?"

"येत होतं."

"एकच वाक्य करा लिहिलं हाय साफ! वो तो एग्झाम है, खरा ब्रेक थोडी हाय!"

"हात तर खराच हाय ना माहा," सत्यशीला म्हणाली. "एकदा सवय मोडली का तो पुन्हा आपल्या मनानंच लिहिते."

"एक मार्क, आई! एका मार्कानं नोकरी गेली!"

तिला वाईट वाटलं, फार वाटलं. मोरीत जाऊन तिनं नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुऊन, वांगी चिरायला बसली.

पंजाबराव आता टूलरूममध्ये होता. त्याला कळलं तेव्हा तो तरातरा शेडमध्ये आला. "ताई, माह्यापायी नंबर घालवला तुमी? मी कधी काई म्हनलो का?"

"तुमच्यापायी नाई, भाऊ. तुमचं तर तुमी तवाच सोडून देल्लं. हे माह्यं हाय."

मार्चमध्ये डॉक्टरांनी शिडी बंद केली. फॉर्मवर सही करताना तिनं त्यांच्याकडे शेवटचा एक दिवस मागून घेतला.

त्या दिवशी तिनं नेहमीसारखं काम केलं. दुपारी पाळी सुटायच्या आधी गुडघ्यांना शिव्या देत बेचाळीस पायऱ्या उतरली आणि बुक घेऊन बसली. रोप चेक्ड. ड्रम ग्रीज्ड. ब्रेक अ‍ॅडजस्टेड. मग खाली लाल पेनानं: लिमिट स्विच टु बी चेक्ड. हुक नको तितका वर चढू नये म्हणून थांबवणारा तो स्विच. सकाळपासून तिला त्याचा भरवसा वाटत नव्हता, आणि फिटर रजेवर होता.

रोशन नव्या सुपरवायझरच्या टोपीत आला. पंजाबरावसकट चार माणसं निरोपासाठी जमली होती, टेबलावर समोसे होते. त्यानं बुक ओढून घेतलं. सुपरवायझरनं फक्त सही करायची असते, आणि त्यानं पेन काढलंही होतं.

"वाच," सत्यशीला म्हणाली.

तो हसला नाही. मोठ्यानं वाचलं. "लिमिट स्विच टु बी चेक्ड." मग पेन खिशात ठेवलं, आधी तिच्याकडे बघितलं, मग पंजाबरावच्या उजव्या हाताकडे, आणि शिडीकडे गेला.

"साहेब, समोसे थंडे होऊन राहिले," कोणीतरी म्हणालं.

"होऊ द्या," तो शिडीवरून म्हणाला. "मावशी, तुमी थांबा. वरून सांगतो."

सत्यशीला शिडीपाशी उभी राहिली. वर जाणाऱ्या बुटांचा लोखंडावरचा आवाज ती मनातल्या मनात मोजत होती. विसाव्या पायरीला तो थोडा थांबला, तिथं ती पण थांबायची. बेचाळीस झाल्या.

"मावशी!" वरून आवाज आला. "ढिला हाय! बरं झालं, लिहिलं!"

"हाव," ती खालून ओरडली. "कस आता. मगच सही कर."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला हात शिडीच्या पहिल्या पायरीवर आहे. तिनं तो काढून घेतला. लाल पेन बुकात घातलं आणि सहीची जागा कोरी असलेलं ते पान उघडंच त्याच्या टेबलावर ठेवलं.