पटावरची पोरं

नलिनीबेन आणि तुकोजीराव यांची वादावादी आमच्या गावाला नवी नव्हती. पण त्या सकाळी बेनचा आवाज माझ्या गोठ्यापर्यंत आला, तेव्हा मी दूध काढायचं सोडून कुंपणाशी गेलो.

"काका, उद्या तपासणीला साहेब येऊन वाचन घेणार. वाचणारी पोरं तुमच्या कपाशीत आणि न वाचणारी माझ्या वर्गात. कसं जमायचं हे?"

"वाचणारी म्हणजे राठव्यांची ना?" तुकोजीराव खाटेवरून हललेसुद्धा नाहीत. "बेन, ही मराठी निशाळ आहे. माझ्या आज्यानं जागा दिली तिला. निशाळेत एकही मराठी पोरगं नाही असं साहेबानं बघितलं, तर टाळं ठोकून जाईल. उद्या आपली पोरं बसतील. राठव्यांची गावी गेली म्हणून सांगून टाका. चिंता नका करू."

"आपली पोरं म्हणजे तुमचा नातू जयवंत? त्याला जोडाक्षर दाखवा, पळून जाईल."

"मराठ्याचा पोर आहे तो. मराठी रक्तातच असते."

बेननं कपाळाला हात लावला आणि निघून गेली. ती शाळेची शिक्षिका, सरकारी नोकर; तुकोजीराव शाळा-समितीचे अध्यक्ष. बोलून बोलून किती बोलणार?

वाघोडियाकडचं आमचं गाव लहान. गायकवाडी फौजेतल्या शिपायांना इथं जमिनी मिळाल्या, त्यांची दहा-बारा घरं आम्ही. घरात मराठी बोलतो, दाराबाहेर गुजराती; म्हणून शाळेला निशाळ आणि दुपारला बपोर तोंडात बसलेलं. मराठी शाळेचा अभिमान सगळ्यांना भारी, पण पोरांना न्यायला रोज पिवळी व्हॅन येते, वाघोडियाच्या इंग्लिश शाळेची. शाळा बंद पडू नये म्हणून नावं तेवढी इथल्या पटावर ठेवलेली. बाकांवर बसतात छोटाउदेपूरकडून मजुरीला आलेल्या राठव्यांची पोरं. त्यांच्या घरी राठवी बोलतात. मराठी त्यांना नलिनीबेननं शिकवली, तीही अशी की ऐकत राहावं.

वेचणीच्या दिवसांत मात्र तुकोजीरावांनी एक रीत पाडली होती. पोरांनी बपोरपर्यंत त्यांच्या शेतात कापूस वेचायचा. बपोरी शाळेची स्वयंपाकीण मथुराबाई खिचडी उतरवून घंटेसाठी टांगलेला रुळाचा तुकडा बडवायची, की पोरं थाळ्या घेऊन शाळेत. जेवण झालं की अभ्यास. तुकोजीराव याला शिस्त म्हणत. बेन दुसरंच काहीतरी म्हणायची, ते इथं लिहीत नाही.

या खेपेला सरकारचा हुकूम कडक होता. ज्या शाळेची पोरं वाचनात कच्ची निघतील, ती कालव्यापलीकडच्या गुजराती शाळेत मिसळून टाकायची. पाचवीतल्या रमीलाच्या आईनं बेनला सरळ सांगितलं होतं, "निशाळ कालव्यापार गेली, तर आमची रमीला आमच्याबरोबर कामाला." तिचं तरी काय चुकलं? पोर एकटी तेवढं चालत पाठवायची कुणाच्या भरवशावर? रमीलाला हे माहीत होतं. त्या दिवसापासून ती कपाशीतसुद्धा पुस्तक घेऊन जायची.

दुसऱ्या दिवशी आमची पोरं टाय काढून, तेल चोपडून वर्गात बसली. काय होतं ते बघायला मीही भिंतीशी जाऊन उभा राहिलो. बडोद्याहून गुप्तेसाहेब आले. सुभानपुऱ्यात राहणारे, घरचे मराठी. तुकोजीरावांना वाटलं, अर्धी लढाई इथंच जिंकली. साहेबांनी तिसरीचं पुस्तक जयवंतपुढं ठेवलं.

जयवंत पाचवीतला. त्यानं पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. "ग... गा... गाव..." एवढ्यावर गाडी थांबली. "सर, इंग्लिश बुक नथी? आमच्या व्हॅनवाल्या शाळेत तेच असतं."

बाकीच्यांचीही तीच गत. एकानं तर अक्षरं बघून विचारलं, हे हिंदी आहे का. तुकोजीराव थंडीच्या दिवसांत उपरण्यानं गळा पुसत होते. बेन खिडकीतून बाहेर बघत उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि मला तुकोजीरावांचा भयंकर राग आला होता.

तेवढ्यात रूळ वाजला. मथुराबाईला आजचा बेत कुणी सांगितलाच नव्हता. खिचडी शिजली, तिनं बडवला.

कपाशीतून पोरं धावत सुटली. केसांत कापूस, पायाला काळी माती, हातात थाळ्या. येऊन वर्गाच्या दारात रांगेत उभी राहिली.

"मजुरांची आहेत, साहेब," तुकोजीराव घाईनं म्हणाले. "जेवायला येतात."

"आमचं नाव आहे पटावर," रमीला म्हणाली. "रमीला राठवा, पाचवी."

साहेबांनी बेनकडं पाहिलं. बेननं होकाराची मान हलवली. साहेबांनी पुस्तक पुढं केलं. रमीलानं हात फ्रॉकला पुसले आणि वाचायला लागली. न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून, थेट बेनच्या चालीत. मग तिच्या मागच्यानं वाचलं, मग त्याच्या मागच्यानं. पातेल्यातली खिचडी निवत गेली, पण साहेब काही थांबेनात.

"सकाळी कुठं होतात रे तुम्ही?" त्यांनी शेवटी विचारलं.

रमीलानं तुकोजीरावांकडं पाहिलं. "ह्या काकांच्या कपाशीत."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "काका, तुमची शाळा राहील. ती ह्या पोरांमुळं. पण सकाळी ही वर्गात दिसली पाहिजेत. मी न सांगता येईन. आणि व्हॅनवाल्यांची नावं आजच काढा."

संध्याकाळी तुकोजीरावांनी गावभर पेढे वाटले. मराठी शाळेनं मान राखला म्हणाले. कुणाच्या पोरांनी, ते कुणी विचारलं नाही. मीही पेढा खाल्ला.

दुसऱ्या सकाळी व्हॅन वाजली, जयवंत टाय बांधून गेला. राठव्यांची पोरं शाळेत गेली. आभाळात अवकाळी ढग आले होते आणि तुकोजीरावांची कपाशी फुटून पांढरी झाली होती. मोठे मजूर आधीच दुसऱ्यांच्या शेतात लागलेले. शेवटी तुकोजीराव आणि त्यांची बायको कौशल्याकाकू कंबरेला फडकी बांधून स्वतःच वेचणीला उतरले.

शाळेतून वाचनाचा आवाज येत होता.

"काय छान वाचतात पोरं," काकू म्हणाल्या.

तुकोजीराव कंबर धरून कसेबसे उभे राहिले. "मराठी निशाळ आहे ती. माझ्या आज्यानं जागा दिली." आणि पुन्हा पुढच्या झाडाशी वाकले.