तेरापर्यंतच तपासलेली

मी तेहेतीस कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस. ऐकूनच दमलात ना? मी हे नाव जन्मभर वागवतेय. तशी मला जन्मतारीख नाही; मोजायला कुणी नव्हतं तेव्हाही मी होतेच. लोकांत आले ती गणिताच्या सरांमुळे. शाळेच्या जिन्याजवळ त्यांनी निळ्या ऑइलपेंटनं आम्हा आठ बहिणींना एकीखाली एक रंगवलं: ३१, ३३१, ३३३१... प्रत्येकीला एक तीन जास्त. मी शेवटची, सगळ्यांत लांब. खाली लिहिलं, 'सर्व मूळ संख्या'.

मूळ म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंही पूर्ण भाग जात नाही अशी. माझ्या सातही बहिणी तशाच आहेत, खोटं कशाला बोलू! माझ्या वेळी सरांनी दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा लावून पाहिले, मग घड्याळाकडे पाहिलं. "याच घरातली आहे, वेगळी कशी निघेल?" म्हणाले आणि ब्रश उचलला.

पुढचाच सतरा होता.

एकवीस वर्षं त्या शब्दाच्या डोक्यावर उभी होते. उभं राहण्यानं कुणी थकत नाही हो, ताठ राहण्यानं थकतं. पाहुणे यायचे, "वा, काय घराणं!" म्हणायचे. भागून कुणी पाहिलं नाही.

मग नववीतली ती मुलगी आली. स्पर्धेच्या संघासाठी चाचणी होती, त्यात मीच विचारलेली. तिनं लिहिलं, 'मूळ नाही.' सरांनी काट मारली आणि एका मार्कानं तिची जागा गेली. पेपर घेऊन तिनं सरांना जिन्यातच गाठलं.

"सर, सतरानं भागा."

"अगं, तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून ही भिंत आहे."

"म्हणजे चूक माझ्याहून मोठी आहे. भागा ना."

पेपरच्या पाठीवर भागाकार उतरत गेला. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. बाकी शून्य. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

सरांनी जिन्यात वर-खाली पाहिलं. "मार्क देतो, संघात ये. भिंतीचं मात्र कुठं बोलू नकोस. दोन महिन्यांत निवृत्त होतोय मी."

"मग मार्कही ठेवा तुमच्याकडेच."

संघ तिच्याविना गेला. त्या दुपारी तिनं कर्कटकाच्या टोकानं माझ्या पायाशी १७ कोरलं, चांगलं खोल.

सर गेले घरी. मी इथंच. दर सुट्टीत भिंत रंगते, आम्हा सगळ्यांना पुन्हा गिरवतात, त्या 'सर्व'लासुद्धा. पण ओरखडा काही बुजत नाही. जिन्यातून जाताना बोट फिरवून बघा. आणि दोन मिनिटं असतील तर भागूनही बघा. तेवढंच मला जरा टेकता येईल.